तिला प्रामाणिक म्हणू नका

मागच्या महिन्यात आम्ही चार जण जुने अल्बम ऐकत बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी लिझ फेअर या अमेरिकन गायिकेचा १९९३चा 'एक्झाइल इन गायव्हिल' लावला. अल्बम संपला आणि वाद सुरू झाला. मैत्रीण म्हणाली, "किती प्रामाणिक आहे गं ही!" समोरचा मित्र म्हणाला, "प्रामाणिक असेल, पण गाता कुठे येतंय? ही डायरी झाली, अल्बम कसला!" तिसऱ्याचा प्रश्न ठरलेला होता: हे सगळं तिच्या बाबतीत खरंच घडलंय का? पुढे तासभर दोन्ही बाजू हिरिरीनं भांडल्या आणि मी चहा करून आणेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की या बाजू दोन नाहीतच. बाई 'मी' म्हणून गातेय म्हणजे ती स्वतःचीच हकिकत सांगतेय, हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. फक्त त्या सांगण्याला धीट म्हणायचं की कच्चं, एवढ्यावरच हमरीतुमरी. १९९३ पासून अमेरिकेतली समीक्षाही बरीचशी याच चाकोरीतून फिरली आहे. माझं म्हणणं असं, की हा अल्बम कबुलीजबाब नाहीच. तो युक्तिवाद आहे. रचलेला, बेतलेला, प्रतिपक्ष समोर उभा करून केलेला. आणि त्याला 'प्रामाणिक' म्हणत मिठी मारणाऱ्या चाहत्यांनी त्याचं जितकं नुकसान केलं, तितकं त्याला नावं ठेवणाऱ्यांनीही केलेलं नाही.

ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी हकिकत. लिझ फेअरचा जन्म १९६७चा. शिकागोच्या उत्तरेला विनेट्का नावाचं सधन उपनगर आहे, तिथं ती वाढली, मग ओबरलिन कॉलेजात कलेचं शिक्षण घेतलं. शिक्षणानंतर इकडंतिकडं करून परत आई-वडिलांच्या घरी आली आणि १९९१ मध्ये तिथल्या आपल्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकटीनं गाणी रेकॉर्ड केली. त्या कॅसेटींना तिनं 'गर्ली-साउंड' असं नाव दिलं आणि एक-दोघा ओळखीच्यांना पाठवल्या. त्यांनी त्यांच्या प्रती काढल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीबरोबर खरखर वाढत गेली आणि तिचं नावही. मग मॅटाडोर ही न्यू यॉर्कची छोटी रेकॉर्ड कंपनी तिच्या पाठीशी उभी राहिली. शिकागोच्या विकर पार्क भागातल्या एका स्टुडिओत ब्रॅड वुड या निर्मात्याच्या मदतीनं अल्बम तयार झाला आणि जून १९९३ मध्ये बाजारात आला. पहिलाच अल्बम, त्यात एकदम अठरा गाणी. वर्षअखेरीस 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकानं देशभरातल्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तो पहिला आला. त्याआधी एखाद्या बाईच्या अल्बमला तो मान मिळाला होता १९७४ साली, जोनी मिचेलला. मध्ये तब्बल एकोणीस वर्षं.

आता नावाकडे बघा. मराठी कानाला 'गायव्हिल'मध्ये आधी गोठाच ऐकू येतो, पण हा 'गाय' म्हणजे इंग्रजीतला गडी. त्या वेळचं विकर पार्क म्हणजे स्वस्त भाड्याच्या घरांत राहणाऱ्या गिटारवाल्या गड्यांचं गाव. कोणता बँड खरा, कोणता विकला गेलेला, कोणती रेकॉर्ड ऐकावी आणि कोणती ऐकल्याचं कबूलही करू नये, याचे फतवे काढणाऱ्यांचं गाव. 'गायव्हिल' हा शब्दही तिनं तिथल्याच गड्यांकडून, अर्ज ओव्हरकिल या बँडच्या एका गाण्यातून उचलला. आणि 'एक्झाइल' उचललं थेट रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडकडून. त्यांचा १९७२चा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' हा दुहेरी अल्बम, त्यातही अठराच गाणी, आणि या गड्यांच्या देव्हाऱ्यातली मुख्य मूर्ती तीच. फेअरनं जाहीर केलं, की माझा अल्बम म्हणजे त्या अल्बमला गाण्यागणिक दिलेलं उत्तर आहे. गड्यांच्या गावी वनवास, असं नाव घेऊन एक सव्वीस वर्षांची मुलगी गड्यांच्या ग्रंथावर टीका लिहायला बसली. टीका हा शब्द मी जुन्या अर्थानं वापरतोय. मूळ संहिता समोर ठेवून, तिच्या क्रमानं पुढे सरकत केलेलं भाष्य.

आपल्याला हा प्रकार परका वाटायचं खरं तर कारण नाही. तमाशाच्या फडात सवाल-जवाब चालतो तेव्हा शाहीर प्रामाणिक आहे का, असं कोणी विचारत नाही. जवाब चोख बसला का, एवढंच प्रेक्षक बघतो. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत तर वादाचा विषयच शक्ती मोठी की शिव मोठा हा. कलगीवाला शक्तीची बाजू घेतो, तुरेवाला शिवाची, आणि रात्र उजाडेपर्यंत दोघं एकमेकांना कोड्यात पकडतात. गंमत अशी, की तिथं शक्तीची वकिली करणारेही बहुतेक पुरुषच. लावणीचंही तेच. नायिका आपल्या तोंडानं आपली तगमग सांगते आणि शब्द होनाजीचे असतात, परशरामाचे असतात. होनाजी किती प्रामाणिक, असं कोणी कधी म्हटलंय? तिथं आपण कवीच्या कसबाला दाद देतो. मग बाईनं स्वतः शब्द लिहिले, स्वतः चाल बांधली, स्वतः गिटार वाजवली, की कसब एकदम अदृश्य का होतं आणि उरतं ते फक्त तिचं आयुष्य?

उत्तर देणाऱ्या गाण्यांची अमेरिकेतली परंपराही जुनी आहे आणि तिचा इतिहास या वादात कोणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं. १९५२ साली हँक थॉम्पसन या कंट्री गायकाचं एक गाणं गाजलं. त्यात संसार सोडून दारूच्या गुत्त्यांच्या झगमगाटात गेलेल्या बाईला बोल लावलेला होता. त्याच वर्षी, जवळजवळ त्याच चालीवर, किटी वेल्सनं जवाब गायला: अशा बाया देवानं घडवलेल्या नाहीत, लग्न झालेले असूनही अविवाहितासारखे हिंडणारे पुरुष त्याला जबाबदार आहेत. रेडिओवाले बिचकले, एनबीसी या मोठ्या प्रसारण कंपनीनं ते गाणं वाजवायलाच नकार दिला. तरी ते कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि एकट्या गायिकेच्या गाण्यानं तिथवर जाण्याची ती पहिली वेळ. किटी वेल्स स्वतः गुत्त्यात कधी बसली होती का? मुळीच नाही. ती साधी, संसारी, देवभीरू बाई म्हणूनच ओळखली जायची. तिच्या जवाबाचं वजन तिच्या अनुभवात नव्हतं. समोरच्याचीच चाल घेऊन त्याच्याच अंगणात उभं राहून त्याचा आरोप उलटवला, त्यात ते होतं.

आणि खुद्द स्टोन्स? त्यांचं नावच मडी वॉटर्स या काळ्या ब्लूज गायकाच्या गाण्यावरून घेतलेलं. हा मडी वॉटर्स शिकागोचा, म्हणजे तिथं येऊन मोठा झालेला. १९६४ साली ही पोरं अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर गेली तेव्हा मडी वॉटर्स जिथं गायचा त्या शिकागोच्या चेस स्टुडिओत रेकॉर्डिंग करून आली, आपण पंढरपूरला जाऊन येतो तसं. त्यांच्या 'एक्झाइल'मध्ये स्लिम हार्पोचं गाणं आहे, रॉबर्ट जॉन्सनचं गाणं आहे. म्हणजे शिकागोच्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या गायकांना लंडनमधून दिलेलं उत्तर म्हणजे स्टोन्स, आणि त्या उत्तराला पुन्हा शिकागोतून दिलेलं प्रत्युत्तर म्हणजे लिझ फेअर. ज्या दरबारात सगळेच एकमेकांना जवाब देत आले आहेत, तिथं एकट्या तिलाच 'खरं सांग, हे तुझं आहे का' असं विचारण्याला काय म्हणावं?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा. जाणकार म्हणतात, हे 'गाण्यागणिक उत्तर' प्रकरण म्हणजे नंतर चिकटवलेलं लेबल आहे. यातली अनेक गाणी १९९१च्या कॅसेटींवर आधीच होती. उत्तर प्रश्नाच्या आधी कसं लिहिलं जाईल? शिवाय दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ताडून बघितले तर काही जोड्या सहज जुळतात, काही ओढूनताणून, आणि काही जुळतच नाहीत. हे सगळं खरं आहे. मी स्वतः एका रविवारी दोन्ही याद्या वहीत समोरासमोर लिहून काढल्या आणि निदान पाच-सहा ठिकाणी हात टेकले. तरीही हा आक्षेप मला पटत नाही, कारण तो रचना म्हणजे फक्त लेखन असं समजतो. फडातल्या शाहिराकडेही कवनं तयारच असतात. कोणत्या सवालावर कोणतं बाहेर काढायचं, कोणतं पोटात ठेवायचं, कशानंतर काय, यात त्याची परीक्षा असते. फेअरनं तेच केलं. हाताशी असलेल्या गाण्यांच्या ढिगातून अठरा निवडली, काही नव्यानं लिहिली, काही पाडली, आणि स्टोन्सच्या अल्बमची चढ-उतार, त्याची दमछाक, त्याचे थांबे डोळ्यांसमोर ठेवून ती लावली. दहाव्या जागेचं बघा. स्टोन्सकडे तिथं त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स गातो, मला खूश ठेवणारं प्रेम हवं, बास. फेअरकडे दहाव्या जागी जे गाणं आहे त्याचं नाव इथं छापता येणार नाही. एक मुलगी परक्या मिठीत जागी होते, आपण कुठं आहोत हे तिला क्षणभर कळत नाही, आणि तिला हवं काय असतं? पत्रं लिहिणारा, सोडा प्यायला घेऊन जाणारा एखादा जुन्या वळणाचा मित्र. मागणी एकच, पण ती मागण्याची किंमत कोणाला किती पडते, हे त्या दोन गाण्यांच्या मधल्या जागेत ऐकू येतं. ही जागा तिनं योजून तयार केली. ती आधी सुचली की मागाहून, याचा हिशेब ठेवून काय मिळणार?

'प्रामाणिक' या शब्दाकडे परत येतो, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. अल्बमवर 'डिव्होर्स साँग' नावाचं एक गाणं आहे, माझ्या मते सगळ्यांत उत्तम. जोडपं गाडीनं लांबच्या प्रवासाला निघालंय आणि वेगळ्या खोलीच्या साध्या मागणीवरून ठिणगी पडते. मग एकमेकांना लागेल असं नेमकं काय बोलावं हे दोघांना पाठ असल्यासारखं भांडण चालू राहतं. मोठ्या आवाजात कोणीच बोलत नाही. संसार मोडतो तो अशा फुटकळ गोष्टींवर, हे ज्यानं अनुभवलंय त्याला ते गाणं ऐकताना कसंसंच होतं. आणि हे लिहिणारी मुलगी तेव्हा अविवाहित होती. तिचं लग्न झालं १९९५ मध्ये, अल्बम आल्यावर दोन वर्षांनी. मग हे गाणं 'अप्रामाणिक' ठरवायचं का? पहिल्याच गाण्यात ती म्हणते, की पाच फूट दोन इंचांची असूनही मी सहा फूट एक इंचाची होऊन उभी राहिले. गाण्याचं शीर्षकच ते माप आहे. सुरुवातीलाच तिनं ऐकणाऱ्याला सांगून टाकलंय, की बाई, इथं उभी आहे ती मी नाही, माझ्याहून अकरा इंचांनी उंच असलेली कोणीतरी आहे. एवढी स्पष्ट पाटी लावूनही लोक आत शिरून डायरी शोधत बसतात.

हा आजार फक्त अमेरिकेचा नाही. बहिणाबाई चौधरींच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली आणि महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं, योग्यच केलं. पण कौतुकाची भाषा आठवा. निरक्षर, सहज, निसर्गाची लेक, जात्यावर बसल्या बसल्या ओठांवर आलेलं. हे सगळं प्रेमानं म्हटलेलं आहे, आणि त्यात त्या बाईची कारागिरी मातीला देऊन टाकलेली आहे. मन आणि वढाळ ढोर यांची सांगड घालताना तिनं किती उपमा बाजूला टाकल्या असतील, याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. झाडाला फळ लागतं तसं तिला गाणं आलं, असं म्हणून आपण मोकळे. फेअरच्या बाबतीत माती नव्हती, शहर होतं. म्हणून 'निसर्ग' ऐवजी 'प्रामाणिकपणा' आला. पुरुषाला सुचतं, बाईचं बाहेर पडतं, असा हा हिशेब आहे.

आवाजाबद्दल. माझ्या मित्राचं म्हणणं मी नाकारणार नाही. फेअरचा आवाज रूढ अर्थानं मोठा नाही, फिरत नाही, पल्ला बेताचा. सुरुवातीच्या काळात रंगमंचाची भीती इतकी होती, की तिचे कार्यक्रम ऐकून आलेले लोक निराश व्हायचे, आणि ते तिनंही कधी लपवलेलं नाही. पण अल्बमवर तिनं त्या आवाजाचं काय केलंय ते ऐका. ती बरीचशी गाणी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी, सपाट गाते. रॉकमध्ये बाईनं दोन प्रकारे गावं अशी अपेक्षा असायची: एकतर आर्त किंचाळावं, नाहीतर कानात कुजबुजावं. ही दोन्ही करत नाही. ती साक्ष देणाऱ्या माणसासारखी गाते. भयंकर वाक्य आणि भाजीचा भाव, दोन्ही एकाच सुरात. मग 'फ्लॉवर' ऐका. एक आवाज बालवाडीतल्या गाण्यासारखा एकसुरी, त्याच्या खाली दुसरा खर्जातला, आणि शब्द असे, की घरात मोठी माणसं असतील तर आवाज कमी करावा. दोन्ही आवाज तिचेच, एकमेकांवर चढवलेले. हे कोणाच्या 'तोंडून निसटलेलं' असू शकतं? हे खोलीत बसून, एक ट्रॅक भरून, टेप मागे घेऊन, दुसरा ट्रॅक त्यावर बसवून केलेलं काम आहे. पुरुषानं बाईच्या शरीराबद्दल ज्या थंड, हिशेबी स्वरात शतकभर गायलं, तो स्वर तिनं उचलला आणि पुरुषाच्या शरीरावर रोखला. मित्राला ते गाणं आवडलं नाही. अस्वस्थ झाला. मी म्हटलं, जवाब बसला म्हणायचा!

ध्वनिमुद्रणाच्या कच्चेपणाचंही असंच. तो ओबडधोबड आवाज म्हणजे गरिबी किंवा अडाणीपणा, असं धरलं जातं. पण ब्रॅड वुडनं तिची गिटार आणि आवाज मध्यभागी ठेवले आणि बाकीची वाद्यं त्यांच्याभोवती बसवली. काही गाण्यांत बास गिटार नाहीच, तर 'कॅनरी'मध्ये नुसता पियानो आणि ती. ड्रम लावले की तिच्या वाजवण्यातला मुद्दाम ठेवलेला लंगडा ठेका सरळ होऊन जातो, हे ज्याच्या कानाला कळलं त्यानंच ते ड्रम मागे ठेवले असणार. असो, हा भाग वादकांनी जास्त चांगला सांगावा.

तिसरा आक्षेप तिच्या घराण्याचा. विनेट्काची मुलगी, वडील डॉक्टर, महागडं कॉलेज. तिला कसला वनवास? हा प्रश्न वरवर रास्त वाटतो आणि तो विचारणाऱ्यांची तळमळही खरी असते. रॉक संगीतात पैसेवाल्यांच्या पोरांनी फाटके कपडे घालून हिंडण्याचा कंटाळा मलाही आहे. पण निकष लावायचा तर सगळ्यांना लावा. स्टोन्सचा 'एक्झाइल' कुठे आणि कसा झाला? इंग्लंडमधला आयकर जड झाला म्हणून हे लोक १९७१ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन राहिले आणि समुद्राकाठच्या एका आलिशान हवेलीच्या तळघरात बरंचसं ध्वनिमुद्रण झालं. म्हणजे मूळ वनवास करवसुली अधिकाऱ्यापासूनचा! तिथं बसून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला मिक जॅगर अमेरिकेतल्या जुगाऱ्यांची, भणंगांची, गोस्पेल गाणाऱ्या चर्चमधली गाणी गात होता. त्याच्याकडे कोणी दाखला मागितला नाही. तो सोंग घेतोय हे सगळ्यांना माहीत होतं आणि सोंग उत्तम वठलं म्हणून टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग सोंग घेण्याचा परवाना पुरुषाला आणि जातपडताळणी बाईची, हे कसं?

चौथा आक्षेप सगळ्यांत कडवट होता आणि तो घेणारा माणूसही साधा नव्हता. स्टीव्ह अल्बिनी शिकागोचाच, नावाजलेला ध्वनिमुद्रक. त्याच १९९३ साली निर्वाना आणि पीजे हार्वी यांचे अल्बम त्यानं रेकॉर्ड केले होते, आणि मोठ्या कंपन्या नव्या बँडना कशा नागवतात यावर आकडेमोडीसकट लिहिलेला त्याचा लेख आजही वाचण्यासारखा आहे. 'शिकागो रीडर' या साप्ताहिकाच्या समीक्षकानं वर्षअखेरच्या लेखात फेअरचं आणि शिकागोच्या आणखी दोन बँडचं कौतुक केलं, तेव्हा अल्बिनीनं संपादकांना पत्र लिहून तिघांनाही बाजारबसव्यांची उपमा दिली आणि समीक्षकाला त्यांचा हस्तक ठरवलं. (त्या समीक्षकाचं नाव बिल वायमन, आणि स्टोन्सच्या 'एक्झाइल'वर बास वाजवणाऱ्याचं नावही बिल वायमन. पुढे २००२ मध्ये बासवाल्या वायमनच्या वकिलानं समीक्षक वायमनला नाव वापरू नका अशी नोटीस धाडली. बासवाल्याचं जन्मनाव पर्क्स होतं आणि समीक्षकाचं मात्र जन्मापासून वायमनच. हा किस्सा मुद्द्याला सोडून आहे, पण मला तो टाळता येत नाही.) अल्बिनीच्या शिव्या बाजूला ठेवून त्याचा मुद्दा घेतला तर त्यात तथ्य होतं. निर्वानासारखे बँड देणाऱ्या सिएटलनंतर पुढचं शहर कोणतं, या शोधात रेकॉर्ड कंपन्या आणि नियतकालिकं तेव्हा हावरटासारखी हिंडत होती आणि फेअरच्या गाण्यांपेक्षा फेअरची चर्चा मोठी होत चालली होती. पण चर्चा कशाची होत होती? तिच्या शब्दांतल्या शरीराची आणि ती खरंच तशी आहे का याची. म्हणजे अल्बिनीला ज्याचा राग आला तो फुगा 'प्रामाणिकपणा'च्याच हवेनं भरलेला होता. फुग्यावर टाचणी मारायची ती सोडून त्यानं बाईवर मारली. गायव्हिलचं वर्णन खोटं वाटणाऱ्यांसाठी त्या पत्राइतका चांगला पुरावा तिलाही रचता आला नसता.

या निकषाचा खरा निकाल लागला दहा वर्षांनी. २००३ मध्ये फेअरनं स्वतःच्या नावाचाच अल्बम काढला, मोठ्या कंपनीतून, आणि त्यातली काही गाणी केली 'द मॅट्रिक्स' या गीतकार-निर्मात्यांच्या चमूबरोबर, ज्यांनी त्याआधी अॅव्हरिल लव्हीन या किशोरवयीन गायिकेला घराघरांत पोचवलं होतं. चकचकीत, रेडिओला आवडेल असा आवाज. समीक्षक पेटले. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळानं दहापैकी शून्य पूर्णांक शून्य गुण दिले. मला स्वतःला तो अल्बम बेताचाच वाटतो. दोन-तीन गाणी सोडली तर परत लावावासा वाटत नाही. पण बेताच्या अल्बमला चार गुण पडतात, पाच पडतात. शून्य पडतं ते विश्वासघाताला. आपल्याला जिची डायरी वाचायला मिळत होती तिनं दार लावून घेतलं, असा तो राग होता. जिनं सुरुवातीपासून सोंगंच घेतली, तिनं आणखी एक सोंग घेतलं, एवढंच झालं होतं. पण आधीचं सोंग होतं हेच मान्य केलेलं नसल्यामुळे नवं सोंग म्हणजे फसवणूक ठरली. ते शून्य देणाऱ्या समीक्षकानं २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली. त्याचं मला कौतुक आहे. पण सोळा वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या शून्याची गोष्ट त्या अल्बमपेक्षा जास्त लोकांना माहीत झाली.

कोणी म्हणेल, जुनं कशाला उकरता, आता बायका काय वाटेल ते गातात. गातात, आणि गाणं आलं की दुसऱ्या दिवशी ते कोणावर लिहिलंय याच्या याद्या फिरतात. कुठल्या कडव्यातला कोट कोणत्या नटाचा, कुठल्या ओळीतली तारीख कोणत्या भांडणाची. ऐकणारे गुप्तहेर झालेत. घरच्या घरी, लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेलं काहीही कच्चं असलं, की ते आपोआप खरं, आणि नीट मिसळलेलं असलं की बनाव, ही समजूत तर आणखी पक्की झाली आहे. आपल्याकडेही मोबाइलवर गाणं टाकणाऱ्या मुलींना खालच्या प्रतिक्रियांत पहिली दाद मिळते ती 'मनापासून' या शब्दाची. चाल कुठे वळली, शब्द कुठे अडला, यावर क्वचितच कोणी लिहितं. एखाद्या मुलीला 'मनापासून' ऐवजी 'अंतरा जमलाय' असं लिहून बघा. वेगळंच काहीतरी वाटेल तिला.

त्या संध्याकाळी मी मित्रमैत्रिणींना शेवटून दुसरं, सतरावं गाणं पुन्हा ऐकवलं. स्टोन्सकडे त्या जागी प्रकाशाची प्रार्थना आहे, हातातून निसटत चाललेल्या मित्रावर उजेड पडू दे अशी. फेअरकडे रात्रीचं विमान आहे. सीट क्रमांक २७-डी, पंखाच्या मागे. खाली शेतं संपून शहराची चौकट सुरू होते, दिव्यांच्या रेघा आखल्यासारखी, आणि ती चित्रपटाच्या शेवटी नावं सरकतात तशी ती जमीन सरकताना बघत राहते. सोळा गाणी ज्या गड्यांशी हुज्जत घातली ते सगळे त्या दिव्यांत कुठेतरी आहेत, आणि इथून त्यातला एकही ओळखू येत नाही. हळूहळू आवाज बंद होतो, ती म्हणते. गिटार मात्र थांबत नाही. मित्र या खेपेला काही बोलला नाही. तिसऱ्यानं पुन्हा विचारलं, हे विमान खरं होतं का. मी म्हटलं, माहीत नाही, पण सीटचा नंबर सुंदर निवडलाय.